दिव्याआडचा हात

म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधील श्री जयचामराजेंद्र कलादालनात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा बरोबरच्या बहुतेक प्रवाशांप्रमाणे माझाही समज असाच होता, की हातात दिवा घेऊन उभ्या असलेल्या त्या स्त्रीचे चित्र राजा रविवर्मा यांनी काढलेले आहे. रविवर्मा यांची चित्रेही त्याच दालनात आहेत, त्यामुळे हा समज तिथे सहज पक्का होतो. चित्राखालची पाटी वाचली आणि सावंतवाडीचा माणूस तिथे भेटला. सावळाराम लक्ष्मण हळदणकर १८८२ साली सावंतवाडीत जन्मले, मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, १९०८ साली त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रकलेची संस्था काढली, आणि हे चित्र त्यांनी १९४५-४६ च्या सुमारास, म्हणजे रविवर्मा यांच्या निधनानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी रंगवले. चित्रातील स्त्री म्हणजे त्यांची मुलगी गीता. दिवाळीच्या दिवसांत हातात दिवा घेतलेल्या मुलीला पाहून हळदणकरांना हे चित्र सुचले, असे सांगितले जाते. लग्नानंतर गीताबाई उपळेकर झाल्या, कोल्हापुरात राहिल्या आणि २०१८ साली, वयाची शंभरी ओलांडल्यावर गेल्या. मी कोल्हापूरचीच, ज्या चेहऱ्याचे चित्र मी म्हैसूरला जाऊन पाहिले, तो चेहरा इतकी वर्षे माझ्याच गावात होता, हे मला फार उशिरा कळले.

'ग्लो ऑफ होप' या नावाने ओळखले जाणारे हे चित्र जलरंगातले आहे, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि पुढे जे सांगणार आहे ते सगळे याच गोष्टीभोवती फिरते. तैलरंगात उजेड शेवटी चढवता येतो. सगळे चित्र काळोखात बुडवून झाल्यावर चित्रकार पांढऱ्या-पिवळ्या रंगाचा जाड थर घेतो आणि ज्योत लावतो. पारदर्शक जलरंगात तसे करता येत नाही. तिथे उजेड म्हणजे कागदाचा मूळ पांढरा रंग. तो पहिल्या क्षणापासून राखावा लागतो आणि त्याच्याभोवतीचा काळोख रंगाच्या एकेका पातळ थराने वाढवत न्यावा लागतो. एकदा रंग चुकून त्या पांढऱ्यावर गेला, की तो उजेड पूर्वीसारखा परत येत नाही. आपण जिला दिव्याचा प्रकाश म्हणतो, ती हळदणकरांनी काही न करता सोडलेली जागा आहे. ज्योतीपुढे धरलेल्या तळहाताच्या बोटांतून जी लाली झिरपते, तीही त्या पांढऱ्यावर चढवलेल्या अगदी पातळ रंगातून आलेली असणार, असे मला चित्रासमोर उभे राहून वाटत होते.

मी छायाचित्रे काढते, त्यामुळे त्या चित्रापुढून हलल्यावर मनात पहिला विचार आला तो असा, की हे आपण कॅमेऱ्याने करून पाहू. आज मागे वळून पाहताना कळते, की त्या वाक्यातला 'हे' म्हणजे नेमके काय, याचा विचारच मी केला नव्हता.

माझ्या भाचीला मी तयार केले. जांभळट रंगाची साडी शोधून आणली, आजीच्या देवघरातले पितळी निरांजन घासून लख्ख केले, चुना लावलेल्या भिंतीपुढे तिला उभे केले आणि घरातले सगळे दिवे मालवले. निरांजनात खरे तेल आणि खरी वात होती. पहिल्या पन्नास-साठ फोटोंतच लक्षात आले, की चित्रात जे इतके स्वाभाविक वाटते ते प्रत्यक्षात घडतच नाही. ज्योतीपासून तळहात साधारण १० सेंटीमीटरवर होता आणि चेहरा ४० सेंटीमीटरवर. अंतर चौपट झाले की प्रकाश सोळावा हिस्सा उरतो. फोटोग्राफरच्या भाषेत तळहात आणि चेहरा यांत चार स्टॉपचा फरक पडतो; एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. चेहरा नीट दिसावा म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायचा प्रकाश, वाढवले, की तळहात चुन्यासारखा पांढरा पडायचा आणि ज्योतीच्या जागी एक आकारहीन भोक दिसायचे. तळहात सांभाळला, की चेहरा काळोखात जायचा. साडीचा रंग तर कुठेच उरत नव्हता, कारण तेलाच्या दिव्याचा प्रकाश इतका पिवळा-तांबडा असतो, की त्यात जांभळा रंग मातकट दिसतो. बोटांतून लाली झिरपत नव्हती ती नव्हतीच. एका वातीच्या प्रकाशात तेवढा जोर नसतो. हळदणकरांनी डोळ्याला दिसले ते आणि मनाला जाणवले ते, दोन्ही एका कागदावर आणले होते. माणसाचा डोळा चेहऱ्यावरून ज्योतीकडे जाताना क्षणात जुळवून घेतो, चित्रकाराचा हात हे जुळवून घेणे रंगवू शकतो, कॅमेऱ्याला मात्र एकाच वेळी एकच मोजमाप कळते.

मग मी ज्योत काढून टाकली आणि तळहाताच्या आड एक छोटा एलईडी बल्ब लपवला, चेहऱ्यासाठी एका बाजूने मंद दिवा दिला आणि भिंतीवरची सावली वेगळ्या दिव्याने पाडली. संगणकावर दोन संध्याकाळी काम केल्यावर फोटो जमला. ज्यांनी ज्यांनी पाहिला ते म्हणाले, "हुबेहूब!" मला आनंद झाला होता, हे मी नाकारत नाही. पण भाचीने फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारले, "मावशी, हा फोटो कोणाचा गं? माझा, की त्या बाईंचा?"

तिचा प्रश्न साधा होता आणि माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते. फोटोत पाहण्यासारखे जे जे होते ते हळदणकरांचे होते. उभे राहणे त्यांचे, मान त्यांची, सावली त्यांची. माझी म्हणावी अशी त्यात फक्त मेहनत होती. मी एक चित्र मोठ्या कष्टाने दुसऱ्या कागदावर उतरवून घेतले होते, आणि ते करताना मूळ चित्रातली एक गोष्ट माझ्या हातून सुटली होती: त्या चित्रातली स्त्री तळहात आडवा धरते, कारण ज्योतीला वारा लागू नये. माझ्या भाचीच्या तळहाताआड बल्ब होता, आणि बल्बला वाऱ्याचे काय?

त्यानंतर बरेच दिवस मी कॅमेरा बाजूला ठेवला आणि इतरांनी हे कसे केले आहे ते पाहत बसले. कॅनडाचे जेफ वॉल यांनी १९९३ साली जपानी चित्रकार होकुसाईच्या एका लाकूडठशाच्या चित्रावरून केलेले छायाचित्र पुष्कळांना ठाऊक असेल. जपानी चित्रात वाटसरूंना अचानक वाऱ्याचा झोत गाठतो, एकीच्या हातातले कागद आभाळात उडतात आणि मागे फुजी पर्वत एकाच रेषेत उभा असतो. वॉल यांनी तो वारा व्हँकुव्हरजवळच्या सपाट शेतजमिनीवर आणला, शंभराहून अधिक छायाचित्रे काढून ती संगणकावर एकत्र जुळवली, आणि फुजी पूर्णपणे वगळला. वारा घेतला आणि पर्वत सोडला, हा निर्णय मला थक्क करणारा वाटतो. आपल्याकडे कलावंत पुष्पमाला एन. यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्याबरोबर २००० ते २००४ या काळात रविवर्मा यांच्या चित्रांतली लक्ष्मी आणि चांदण्यातली स्त्री, स्वतः तसा वेश करून, छायाचित्रांत उभी केली. त्यांनी साडी, दागिने, रंगवलेला पडदा सगळे जसेच्या तसे घेतले, पण पडदा हा पडदाच आहे आणि बाई आजची आहे हे लपवले नाही. मी ज्या कृत्रिमतेवर संगणकात दोन संध्याकाळी पांघरूण घालत बसले होते, तीच त्यांनी उजेडात आणून ठेवली होती.

सर्वांत जास्त मात्र मी लंडनच्या टॉम हंटर यांच्या एका छायाचित्रापाशी अडखळले. डच चित्रकार व्हर्मीरच्या एका प्रसिद्ध चित्रात उघड्या खिडकीपाशी एक तरुणी पत्र वाचते आहे. ते चित्र ड्रेस्डेनला आहे. हंटर राहत होते त्या हॅकनी भागात रिकाम्या घरांत आसरा घेतलेल्या लोकांना बाहेर काढण्याच्या नोटिसा येत होत्या. १९९७ साली त्यांनी आपल्या शेजारच्या एका तरुण आईला खिडकीपाशी उभे केले, तिच्या हातात घर खाली करण्याची नोटीस दिली, आणि व्हर्मीरच्या चित्रात पुढच्या बाजूला जिथे फळांची थाळी आहे तिथे तिचे तान्हे मूल ठेवले. खिडकीतून येणारा मऊ उजेड तोच आहे, मान खाली घालून वाचणारी बाई तीच आहे, आणि तरीही ते छायाचित्र पूर्णपणे हंटर यांचे आणि त्या आईचे आहे. व्हर्मीरच्या तरुणीच्या पत्रात काय लिहिले आहे ते आपल्याला कळत नाही. हंटर यांच्या कागदात काय आहे ते कळते, आणि त्या माहितीने तोच उजेड वेगळा दिसू लागतो. मूळ चित्रातली खिडकी, पत्र, पडदा या वस्तूंपेक्षा त्यातला प्रसंग त्यांना पटला होता: एक बाई एकटी उभी राहून असे काही वाचते आहे, ज्याने तिचे आयुष्य बदलणार आहे. तो प्रसंग त्यांनी स्वतःच्या गल्लीत शोधला.

तेव्हा मी हळदणकरांच्या चित्रातला प्रसंग एका वाक्यात लिहून पाहिला. कितीतरी वाक्ये खोडल्यावर उरले ते एवढेच: उजेड आणि अंधार यांच्यामध्ये एक हात आहे, आणि तो हात काहीतरी जपतो आहे. साडी नाही, निरांजन नाही, दिवाळीही नाही.

यानंतरची गोष्ट मी शोधायला गेले नव्हते. आषाढात भावाकडे गगनबावड्याच्या बाजूला चार दिवस राहायला गेले होते. तिथला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. रात्री कौलांवर इतका आवाज असतो की शेजारी बोललेले ऐकू येत नाही, आणि वीज संध्याकाळी गेली की पहाटेपर्यंत तिची वाट पाहायची नसते. भावाच्या धाकट्या मुलाला त्या दिवशी ताप होता. मध्यरात्री मला जाग आली तेव्हा वहिनी उठून बसली होती. तिने मोबाईलची बॅटरी लावली होती आणि मुलगा जागा होऊ नये म्हणून तिच्यावर दुसऱ्या हाताचा तळवा घट्ट धरला होता. तो तळवा आतून पेटल्यासारखा लाल दिसत होता. बोटांच्या कडा नारिंगी, मधली हाडाची जागा गडद. मच्छरदाणीच्या पांढऱ्या जाळीवर तिच्या हाताची भलीमोठी सावली पडली होती आणि जाळीच्या घड्यांबरोबर ती हलत होती. वहिनी वाकली, दोन बोटे गव्हाच्या दाण्याएवढी विलग केली, त्या फटीतून उजेडाची एक पट्टी मुलाच्या छातीवर पडू दिली, त्याचा श्वास पाहिला, आणि बोटे पुन्हा मिटली.

मी श्वास रोखून पडून राहिले. हळदणकरांच्या चित्रात हात ज्योतीला वाऱ्यापासून जपतो. इथे हात झोपलेल्याला उजेडापासून जपत होता. सगळे उलटे झाले होते आणि तरी तो प्रसंग तोच होता. आणि जी लाली मी निरांजनाकडून मागत होते ती इथे आपोआप आली होती, कारण एलईडी हाताला टेकलेला असला की त्याचा प्रखर पांढरा प्रकाश बोटांत शिरतो, रक्त त्यातला निळा आणि हिरवा भाग शोषून घेते आणि तांबडा तेवढा बाहेर येतो.

सकाळी चहा पिताना मी वहिनीला हे सांगितले. ती आधी संकोचली. मग म्हणाली, "ताई, फोटो काढा, पण बाळाचा चेहरा नको. आणि मला पुन्हा साडी नेसायला लावू नका." तिच्या दोन्ही अटी योग्य होत्या. दुसरी अट तर मी स्वतःच घालायला हवी होती, कारण त्या रात्री ती गाऊनवर शाल पांघरून बसली होती, आणि तेच खरे होते.

मुलाचा ताप उतरेपर्यंत मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. पहिल्या रात्री आम्ही मुलाच्या जागी उशी ठेवून प्रयत्न केला, म्हणजे त्याची झोप मोडायला नको. तांत्रिक मेळ त्या रात्री बराचसा जमला: ट्रायपॉड, ३५ मिलिमीटरची लेन्स, अ‍ॅपर्चर एफ २, शटर सेकंदाचा पन्नासावा भाग, आयएसओ ३२००. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाची रंगछटा जुळवण्याची सोय, ऑटोवर ठेवला की कॅमेरा लाल रंगाला चूक समजून धुऊन काढतो, म्हणून तो ५५०० केल्विनवर कायम केला. एक गोष्ट इथे सविस्तर सांगते, कारण ती शिकायला मला दोन रात्री लागल्या. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा नेहमीचा हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे अंधार आणि उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख, सगळे ठीक असल्याचे दाखवत होता, तरी बोटे सपाट, प्लॅस्टिकसारखी येत होती. तिन्ही रंगांचे वेगवेगळे आलेख उघडले तेव्हा कळले, की निळा आणि हिरवा डावीकडे निवांत बसले आहेत आणि एकटा लाल उजव्या भिंतीला आपटून संपला आहे. लाल एकदा असा संपला, की कॅमेऱ्याने टिपलेली सगळी माहिती राखणाऱ्या रॉ फाइलमध्येही बोटांवरच्या रेषा परत मिळत नाहीत. म्हणून मी एक्स्पोजर दोन स्टॉप खाली आणले आणि बाकी सगळे अंधारात जाऊ दिले. ते बटण फिरवताना मला म्हैसूरचा तो कागद आठवला. राखायचे ते आधी राखायचे आणि अंधार त्याच्याभोवती वाढवायचा, हे काम हळदणकर कुंचल्याने करत होते आणि ऐंशी वर्षांनी मी बोटाने एक चकती फिरवून करत होते. त्यांच्या चित्राच्या इतके जवळ मी निरांजन धरलेल्या भाचीच्या फोटोतही पोहोचले नव्हते.

उशीचे फोटो मात्र फुकट गेले. प्रकाश बरोबर होता, सावली बरोबर होती, आणि वहिनीची बोटे चुकीची उघडत होती. ती बोटे उघडण्यासाठी उघडत होती. उशीचा श्वास पाहायचा नसतो. तिसऱ्या रात्री मुलगा स्वतःहून तिच्या कुशीत येऊन झोपला, तेव्हा मी दाराबाहेर ट्रायपॉड लावला आणि वहिनीला काही सूचना न देता केबलने शटर दाबत राहिले. ती थोड्या वेळाने मला विसरली. पाऊस एकदा जोराने आला, मुलाने कूस बदलली, तिने नेहमीच्या सवयीने बॅटरीवरचा तळवा घट्ट केला आणि मग दोन बोटे विलग केली. तो फोटो मला मिळाला. त्यात वहिनीचा अर्धा चेहरा जाळीमागे आहे, मुलाचा फक्त गुडघा आणि पांघरुणाची कड दिसते, आणि सगळ्या चित्रात खरा पांढरा रंग बोटांच्या फटीएवढाच आहे. जाळीवरच्या सावलीत मात्र बोटे पाचच्या ऐवजी चार दिसतात, कारण करंगळी घडीत गेली आहे. मी ती तशीच ठेवली.

हा फोटो दाखवताना हळदणकरांचे नाव घ्यायचे की नाही, हा प्रश्न मला कधी पडला नाही. कसे घ्यायचे, हा पडला. भारतीय कायद्याप्रमाणे चित्रावरचा स्वामित्वहक्क चित्रकाराच्या निधनाच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. हळदणकर १९६८ साली गेले, म्हणजे ती मुदत २०२८ च्या अखेरीस संपते. कल्पनेवर असा हक्क नसतो, तिच्या मांडणीवर असतो. दिव्याआड हात धरलेली बाई कोणीही टिपू शकतो, पण त्या विशिष्ट बाईची विशिष्ट उभी राहण्याची रीत उचलणे ही वेगळी गोष्ट आहे. भाचीचा तो हुबेहूब फोटो मी या कारणानेही कुठे लावला नाही, तो तिच्याकडेच आहे. कायद्याच्या पलीकडेही मला असे वाटते, की ज्या चित्राचे श्रेय इतकी वर्षे लोक दुसऱ्याच चित्रकाराला देत आले, त्याच्या बाबतीत तरी नाव स्पष्ट आणि पूर्ण लिहिले पाहिजे.

इंग्रजीत अशा छायाचित्रांच्या नावापुढे 'आफ्टर' लिहून मूळ कलावंताचे नाव देण्याची पद्धत आहे. मराठीत मी आधी 'हळदणकरांच्या चित्रावरून' असे लिहिले. मग ते खोडले. 'वरून' म्हटले की नक्कल डोळ्यांपुढे येते, कागदावर कागद ठेवून अक्षर गिरवल्यासारखी, आणि भाचीच्या फोटोला तो शब्द चपखल बसला असता. वहिनीच्या फोटोची १२ बाय १८ इंचांची प्रत मी सुती कागदावर काढून घेतली, तिच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिले, 'सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे चित्र पाहून', त्याखाली वहिनीचे नाव, मग माझे, आणि गगनबावड्याच्या एस.टी.ने जाणाऱ्या भावाच्या हाती ती गुंडाळून दिली.